रुखमाच्या हातचा निंब

११ ऑगस्ट

निंब मेला. आमची सून रिता हिने सकाळी साडेसातला नखाने साल खरडून पाहिली. आत हिरवं काही राहिलं नव्हतं. तिने मला सांगितलं, मी बोडीवर, म्हणजे शेततळ्यावर, जाऊन स्वतः पाहिलं आणि मगच हे लिहितो आहे. एकतीस वर्षं कालव्यावर चौकीदार होतो. रोज पाण्याची पातळी रजिस्टरात मांडायची, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा टाकायचा नाही. नोकरी संपली, सवय राहिली.

माझ्या बायकोला, रुखमाला, कसं सांगायचं हा प्रश्न आहे. एक रोप मेलं तर एरवी काय मोठं! पण हे तिने लावलं होतं. आमच्या करडी गावात बावीस वर्षं रोवणीची पहिली पेंडी रुखमाच्या हातची. धानाच्या रोपांची ती पहिली जुडी तिने चिखलात लावली की मगच बाकीच्या बाया वाकतात. गावातले अर्धे शेतकरी तिला बोलावणं पाठवतात. 'रुखमाच्या हातचं मरत नाही,' असं सगळे म्हणतात, आणि तिचाही त्यावर विश्वास आहे.

यंदा डॉक्टरांनी तिचे गुडघे पाहून चिखलात वाकायला मनाई केली. पहिली पेंडी तेवढी लावून ती बांधावर बसून राहिली. दुपारी तिच्या टोळीतल्या अकरा बाया डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात भाकरी खात होत्या. आमच्या बोडीच्या आसपास सावलीला एक झाड नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी चिखलात नाई जाऊ शकत, तं माही सावली तरी जाईन." दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीने वाटलेला कडुनिंब तिने तिथे लावला.

तो महिन्यात गेला.

१२ ऑगस्ट

सांगावं लागलं नाही. काठी टेकत तीच पाहून आली. हात धुतले आणि बराच वेळ तळहात पाहत बसली.

"रोपच खराब असन," मी म्हटलं.

"खराब काहून असन? शाळेत त्याच गाडीतले निंब लावले. ते तं डोलून राहिले."



१४ ऑगस्ट

दुसरा निंब लावला. रुखमाने रोवणीतली सगळी विद्या पणाला लावली. खड्डा कोपरभर खोल. त्यात पाणी ओतून मी माती पायांनी तुडवली, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखलणी करतात तशी, अगदी लोण्यासारखी. रुखमाने रोपाच्या मुळांची माती बोडीत खळखळून धुतली, रोप चिखलात खोल दाबलं, अंगठ्यांनी आवळलं. वर पाणी उभं राहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. काम पाहण्यासारखं झालं.

रिता शेण टाकून तिकडून जात होती. थांबली.

"आई, निंब धान नोहे."

"तू नाकाडोंगरीची. तुमच्याकडे जंगल. झाडं आपोआप उगवतेत. तुले लावाची काय माहिती?"

रिताची आई रोपवाटिकेत मजुरीला जात असे, रिता तिथेच पिशव्या भरत वाढली. पण ती हसली आणि टोपलं उचलून निघून गेली. सासू-सुनेचं फारसं पटत नाही असं दिसतं.

मी एक ठरवलं आहे. पहिल्या निंबाला रोज सकाळी नऊला दोन बादल्या घालत होतो, पाऊस असला तरी. कमी पडल्या असाव्यात. आता तीन घालीन. रुखमाला सांगणार नाही. झाड जगलं तर नाव तिच्या हाताचं व्हायला हवं.

२० ऑगस्ट

निंबाजवळची माती सकाळी नऊला, मी जाण्याआधीच, चिंब ओली असते. जमीन ओल धरून ठेवणारी आहे, हे चांगलं लक्षण. तरी तीन बादल्या घातल्या.

घरातली पाच लिटरची कॅन सापडत नाही. रुखमाला विचारलं, तिला ठाऊक नाही. ती अलीकडे पहाटेच फिरायला जाते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे म्हणते. परत येते तेव्हा लुगड्याचा काठ ओला असतो. दव फार पडतं आहे.

२३ ऑगस्ट

बोडीवर तुळसा भेटली. ही रुखमाच्या टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई. निंबापाशी उभी राहून पाण्याची बाटली उलटी करत होती.

"बाटली धुऊन राहिली, भाऊजी," ती म्हणाली.

बाया स्वच्छतेकडे लक्ष देऊ लागल्या आहेत.

२९ ऑगस्ट

पानं पिवळी पडू लागली. एक बादली वाढवली.

६ सप्टेंबर

दुसराही गेला. या वेळी रुखमानेच मला सांगितलं. उभ्या उभ्या, स्वयंपाकघराच्या दारातून.

"पुढच्या साली पहिली पेंडी तुळसाले लावाले सांगजा. मले कोणी बोलावाचं नाई."

"असं काय बोलतेस, रुखमे!"

"दोन निंब मेले. माह्या हाताचा गुण गेला. उद्या कोणाच्या बांधीतलं धान बसलं तं मी तोंड कुठे दाखवू?"

एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. मी तिला सदतीस वर्षं ओळखतो. ती रागावते तेव्हा भांडी वाजतात. आज एकही भांडं वाजलं नाही.

९ सप्टेंबर

रिताने मेलेला निंब उकरून काढला. मला हाक मारली.

"मामाजी, वास घ्या."

मूळ काळं पडलं होतं. बोटात धरताच त्याची साल मोज्यासारखी निघून आली. बोडी आटल्यावर तळाच्या गाळाचा येतो तसा वास.

"हे तहानेनं नाई मेलं," रिता म्हणाली. "हे बुडून मेलं. मुळाले बी हवा लागते जी. धानाचं वेगळं, ते पाण्यातच सुखी राहाते. निंब पाण्यात गुदमरते." मग मुळाकडेच पाहत तिने विचारलं, "कोणी पाणी घालत होतं का?"

"पाऊस होता," मी म्हटलं.

"हो. पाऊसच असन."

तिने ते मूळ माझ्या हातात ठेवलं आणि गोठ्याकडे गेली.

१० सप्टेंबर

पाणी घालणं हा गुन्हा नाही. माझी सगळी हयात लोकांच्या शेतात पाणी पोचवण्यात गेली. पाणी जास्त झालं अशी तक्रार एकतीस वर्षांत माझ्याकडे एकदाही आली नव्हती.

जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर

हिशेब केला. रोज तीन बादल्या, शेवटी चार. निंबाचं वय तेवीस दिवस. आकडा इथे लिहीत नाही.

रुखमा आज अंगणातल्या तुळशीलाही पाणी घालायला गेली नाही. रिताला म्हणाली, "तूच घाल, माहा हात नको."

१३ सप्टेंबर

आज सांगून टाकलं. जसं घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी बचत गटाच्या, म्हणजे टोळीतल्याच, बाया आमच्या सपरीत, ओसरीवर, जमल्या होत्या. बैठक आटोपल्यावर रुखमाने सगळ्यांसमोर तुळसाला पहिली पेंडी देऊ केली. तुळसा एरवी कोणाचं ऐकून घेत नाही. आज मान खाली घालून पदराचं टोक चावत बसली. शेवटी म्हणाली, "बाई, मी नाई लावत. तुमच्या बदल्यात तं मुळीच नाई."

"माह्या हातचं मरून राहिलं व, डोळ्यानं दिसत नाई का तुले?"

मी दाराशी उभा होतो. आवाज माझाच निघाला, पण मला परका वाटला.

"निंब मी मारला."

सगळ्या बाया वळल्या. मी बादल्यांचं सांगितलं. पहिल्याला दोन, दुसऱ्याला तीन, शेवटी चार. रोज सकाळी नऊला, पाऊस पडत असतानासुद्धा.

मग तुळसाने मान वर केली.

"भाऊजी, म्या बी घालत होती. बाटली धुवाचं खोटं होतं."

"म्या बी," कौशल्याबाई म्हणाली. ही टोळीतली सगळ्यात म्हातारी. "जाता-येता डब्यातलं उरलेलं पाणी. बाईचं झाड हाय, म्हटलं, सुकू नये."

मग एकेक करून अकराही बाया कबूल झाल्या. एक तर नवऱ्याकडून घागर भरून पाठवत होती. गोंधळ ऐकून आमचा मुलगा भुपेंद्र बैल बांधता बांधता आत आला आणि तिथेच ओशाळून उभा राहिला.

"बाबा, मी तं बांधीचं तोंडच तिकडे फोडून देल्लं होतं. रात्रभर पाणी जात होतं."

आता सगळ्यांच्या नजरा रुखमाकडे गेल्या, तिला राग येतो की रडू येतं ते पाहायला. ती उठली. आतल्या खोलीत गेली. धान्याच्या कोठीमागून पाच लिटरची कॅन काढून आणली आणि मधोमध ठेवली.

"पहाटे पाचले," ती म्हणाली. "रोज."

रिता आधी खाली बसली, मग हसू लागली. तिचा श्वास अडकेपर्यंत. "अवो आई! इतल्या पाण्यात तं मगर पाळता आली असती!"

आणि रुखमा हसली. महिनाभराने. तोंडावर पदर दाबून, डोळे पुसत, पुन्हा पुन्हा कॅनकडे पाहून. तुळसाने विचारलं, "भाऊजी, कालव्यावर होते तवा बी असंच सोडत होते का? म्हणूनच आमचं शेत बुडे!" बाया घरी जाईपर्यंत माझी खैर नव्हती. पण मला काही वाईट वाटलं नाही.

त्या गेल्यावर रुखमा एकदम गंभीर झाली. रिताला म्हणाली, "पाणी सगळ्यायचं, मान्य. पण लावला तं म्याच ना धानासारखा? तवा तू सांगून राहिली होती. आता सांग, मी ऐकतो."

"हात तुमचाच पाहिजे, आई. रीत तेवढी माही."

१५ सप्टेंबर

रिता म्हणते घाई नको, पाऊस ओसरू दे, दसऱ्याच्या सुमारास लावू. रुखमा रोज विचारते किती दिवस राहिले.

५ ऑक्टोबर

तिसरा निंब लावला. रोप रिताच्या आईने नाकाडोंगरीहून पाठवलं. भुपेंद्रने मोटारसायकलवर मांडीत धरावं तसं जपून आणलं. पाहून रुखमाचा चेहरा पडला. जेमतेम वीतभर उंची.

"एवढंसं? तुह्या मायनं सगळ्यात लहान काहून देल्लं?"

"लहान लवकर रुजते, आई. मोठं नुसतं उभं राहाते."

काम सकाळी सात ते साडेनऊ चाललं. जागा रिताने बदलली: बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, पूर्वीपेक्षा दोन हात उंच, जिथे पाणी साचत नाही. खड्डा बैलगाडीच्या चाकाएवढा रुंद, पण खोल मात्र पिशवीतल्या मातीच्या गोळ्याएवढाच. भुपेंद्रने कडा फावड्याने चकचकीत कापल्या तर तिने त्या कुदळीने पुन्हा खडबडीत करायला लावल्या. "चिकण मातीची गुळगुळीत भिंत म्हणजे मडकं. मूळ आतल्या आत फिरत राहाते, बाहेर निघत नाई."

मग ती बाजूला सरकली. पुढचं सगळं रुखमाने पाटावर बसून केलं. पिशवी फाडली. गोळ्याभोवती एक मूळ वेटोळं घालून बसलं होतं, ते बोटांनी हळू सोडवून सरळ केलं. धानाच्या पऱ्ह्यांचा, कोवळ्या रोपांचा, गुंता सोडवणारी बोटं ती. एक तंतू तुटला नाही. रिता टक लावून पाहत होती. "माह्या मायले असं नाई जमत," म्हणाली.

रोप खड्ड्यात ठेवलं. रुखमाचा हात सवयीने त्याला खाली दाबायला गेला. रिताने तो धरला नाही, फक्त म्हणाली, "आई." रुखमा थांबली. खोड जिथून मूळ होतं ती जागा जमिनीच्या दोन बोटं वर ठेवली. माती बसते तसं ते बसतं. निघालेली माती तीच परत भरली, ढेकळं फोडून. तुडवायचं नाही, तळव्याने थापायचं. मग एकदाच पाणी, सावकाश, खोडापासून हातभर दूर गोल आळ्यात. वर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर, तोही खोडाला न टेकता. दोन्ही बाजूंना बांबू, मध्ये जुन्या लुगड्याची चिंधी सैल बांधलेली, "म्हणजे वाऱ्यानं हाललं पाहिजे. हाललं तवाच मूळ जमीन धरते."

पाणी कोण घालणार यावर रिताने मला नेमलं. एक वाळकी बांबूची काडी दिली. काडी वीतभर मातीत खुपसायची, थोड्या वेळाने काढायची. ओली निघाली तर पाणी नाही. कोरडी निघाली तरच, आणि दोनच बादल्या. रोज लिहून ठेवायचं. माझ्याशिवाय कोणी थेंबही घालायचा नाही. "मामाजी, पातळी मोजाचा अनुभव गावात दुसऱ्या कोणाले हाय?" ती म्हणाली.

ते खरंच आहे. मी तयार झालो. स्वयंपाकघरात जाऊन दोघी कशाला तरी फार वेळ हसल्या.

१२ ऑक्टोबर

काडी ओली. पाणी नाही.

१३ ऑक्टोबर

काडी ओली. पाणी नाही. तुळसा रिकामी बाटली दाखवत गेली.

१० नोव्हेंबर

गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. रात्रीच्या नाटकासाठी पाहुणे आले आहेत. बपेऱ्याहून आमच्या डिंपलचे सासरे, पुंडलिकराव, आले. शेत पाहायला नेलं तर निंबाला पाहून म्हणाले, "वा, झाडाले पाणी घालाचं पुण्य घेऊन घेतो," आणि तांब्या उचलला. मी आडवा झालो. व्याह्यांना असं अडवणं शोभत नाही हे मला कळतं. काडी काढून दाखवली, ओली होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला. जेवताना जरा कमी बोलले, पण दुसऱ्यांदा भाजी घेतली.

१८ जानेवारी

साडेतीन महिने झाले. निंब जेवढा होता तेवढाच आहे. पानं होती तीही गळत आहेत. आज मला स्पष्ट शंका आली आणि मी ती रिताला बोलून दाखवली.

"वर काई होऊन नाई राहिलं."

"खाली होऊन राहिलं, मामाजी."

"तुला कसं दिसतं?"

"तुमची काडी सांगते. आधी किती दिवसानं कोरडी निघे? आता किती?"

रजिस्टर पाहिलं. ऑक्टोबरात आठ दिवसांनी, आता थंडी असून पाच दिवसांनी. म्हणजे पाणी कोणीतरी पितं आहे. हे माझ्याच हातचे आकडे होते आणि माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

२२ मार्च

पालवी! सकाळी सव्वासातला रुखमाने पाहिली, आठला मी. तांबूस, तेलकट, उंदराच्या कानाएवढी. चौदा पानं. रुखमाने पंधरा मोजली. पुन्हा जाऊन मोजली, पंधराच.

दुपारी सगळ्यांना गोड केलं. विचारलं कशासाठी, तर म्हणाली, "असंच."

४ मे

ऊन सहन होत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. रिताने आळं आणखी दूर, दोन हातांवर सरकवलं आहे. पाणी लांब दिलं की मूळ त्याच्या शोधात बाहेर जातं म्हणे. बादल्या दोनाच्या चार झाल्या, पण आठवड्यातून एकदाच. माझ्या हाताला बादली रोज खुणावते.

पहाटे बोडीकडे गेलो तर रुखमा तिथे. हातात कॅन.

"फिराले आली," ती म्हणाली.

मी काडी तिच्याकडे दिली. तिने खुपसली, काढली, बोटांत फिरवली. खालचं टोक गार, ओलं. तिने कॅन तशीच उचलली आणि घरी आणून गाईच्या टाकीत ओतली. चालताना म्हणाली, "लय कठीण हाय जी, कोणाले तहानेलं पाहून गप राहाणं."

२१ जून

रिताने बांबू काढायला सांगितले. रुखमा नको म्हणत होती. "आणखी एक पावसाळा राहू दे. वारा आला तं?"

"आई, आधी हालवून पाहा. बुडाशी माती हालली तं बांबू राहू देऊ."

निंब आता रुखमाच्या कमरेला लागतो. तिने खोड धरलं, हळूच पुढे-मागे केलं. शेंडा वाकला, पानं सळसळली. मी वाकून बुडाशी पाहत होतो. माती जागची हलली नाही, एक भेगही नाही. तिने जोर केला. तरी नाही. मग दोन्ही हातांनी. रिता ओरडली, "आई, बस झालं, उपटाल!"

"उपटून तं दाखव," रुखमा म्हणाली. रिताला नव्हे, निंबालाच म्हणाली असावी.

बांबू तिनेच काढले.

८ जुलै

पऱ्हे तयार झाले. गेल्या आठवड्यात सात शेतकरी घरी येऊन गेले. रुखमा कोणालाच होकार देत नव्हती. आधी निंबाकडे चक्कर मारून येते म्हणायची. काल शेवटी तुळसा दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, तुम्ही हो म्हणा, नाईतर मी उद्या माह्या हातानं लावतो अन् धान बसलं तं तुमचं नाव सांगतो."

रुखमाने हो म्हटलं. सातही जणांना.

उद्या सकाळी आठला सुरुवात आमच्याच बांधीत. गुडघे तसेच आहेत, म्हणून भुपेंद्रने बांधाला लागून कोपरा तयार केला आहे. तिथे पाटावर बसून ती पहिली पेंडी लावील. मग बाया उतरतील. दुपारी जेवण निंबाजवळ. सावली अजून एका सुपाएवढी आहे, अकरा बायांना पुरायची नाही. त्यावर आज सपरीत बराच वाद झाला आणि तुळसाने निकाल दिला: उद्या सावलीत वांग्याच्या भाजीचा गंज बसेल. पुढच्या वर्षी कौशल्याबाई, वयाने मोठी म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी दोघी-तिघी. तिचा स्वतःचा नंबर पाचव्या वर्षी लागतो.